जवळा

दिवाळ्यात, जेट्टीच्या अलीकडे, आमच्या गच्चीवर
नमूआत्या सुपात सुका जवळा निवडते
आणि शेजारी मी, मांडीवर लॅपटॉप घेऊन,
आभाळातला.

तिचा कचरा ठरलेला: शिंपल्यांचे तुकडे, काड्या,
निळ्या दोरीचे धागे.
माझाही: उपग्रहाची रेघ, आरशावरची धूळ,
भलत्याच ताऱ्याचा सांडलेला उजेड.
पाखडून पाखडून तळाशी कधीतरी
एक डाग उरतो.
डाग म्हणावा एवढाही नाही,
पदराने पुसला तर जाईल असा.
पुस्तकात त्याला बटू दीर्घिका म्हणतात.

"यो क गो?"
तारे. असतील हजारभर.
"न् आपले आकाशगंगेन?"
वीस हजार कोटी तरी.
आत्याला हसू आवरत नाही.
"पाटीभर पापलेट सोरून
तू जवल्याच्या मिशा मोजतंस."

समोर सेक्टर पंधराचे टॉवर. त्यांच्या उजेडात
वर चार तारे दिसले तरी पुष्कळ.
माझी दुर्बीण इथली नाहीच,
ती पार दुसऱ्या गोलार्धात, वाळवंटातल्या डोंगरावर.
इथे पोचतात नुसते आकडे.
तरी हे काम मला इथेच जमतं,
खाडीच्या वासात.

मी तिला सांगते, एक बटू आपल्या आकाशगंगेत शिरलाय,
केव्हाचा. फेऱ्या घालतोय.
दर फेरीत थोडा उसवतो, तारे मागे सांडतात.
पण सांडलेले तारे वाट सोडत नाहीत,
त्याच वळणाने चालत राहतात
गाव विरल्यावरही.

"आपला धर्मा," आत्या म्हणते.
धर्मा तांडेल. खारघरला, बावीस मजल्यांच्या इमारतीत
लिफ्टमध्ये स्टुलावर बसतो.
होडी विकून अकरा वर्षं झाली.
कुणी आत आलं की विचारतो, आज तिथी कुठली?
अष्टमी असली तर स्वतःशीच म्हणतो, भांग.
पाण्याला ओढ नाही आज.
बाई म्हणतात, चौदावा.

मग ती गप्प. मीही.
साडेबारा टक्क्यांचा भूखंड, त्यावर आलेला बिल्डर,
त्यापायी दोन भावांत तुटलेलं बोलणं
हे आकाशात कुठे बसवायचं मला माहीत नाही,
बसवूही नये.

"मोठा मासा क खाऊनशी मोठा जाला?"
चिमूटभर जवळा माझ्या डोळ्यांसमोर.
मी हेच सांगणार होते, पाऊण तास घेऊन.
मी एवढंच जोडते: नुसते खाल्ले गेले असं नाही.
फार आधी सगळीकडे धुकं होतं, उजेड अडायचा.
ते फाडलं बहुधा या खुज्यांनीच,
त्यांच्या मिणमिणत्या चुलींनी.
बहुधा म्हणते. वाद मिटलेला नाही.

आणि दुसरं असं की हजार ताऱ्यांच्या भाराने
एवढा पसारा एकत्र राहत नाही.
आत आणखी काही आहे. त्याला उजेड नाही, सावली नाही,
फक्त वजन.
"वजन कवा दिसतं गो?" आत्या म्हणते. "वजन काट्याव कलतं."

रात्री उशिरा आकडे आले.
आजच्या डागातल्या अकरा ताऱ्यांचे वेग.
हा डाग ठेवायचा की फेकायचा, मी विचारते,
तिला नव्हे, स्वतःलाच.
ती सूप एकदा उडवून दाखवते:
कचरा उडतो कुठंही,
जवळा मिळून पडतो.

अकरापैकी नऊ मिळून पडतात.
दोन भलतीकडे धावतायत.
नवांपुढे खूण करते.
त्या दोघांवर बोट थांबतं. ते परके,
की आपलेच, केव्हाचे उसवलेले?
खालून भरतीचं पाणी जेट्टीला लागल्याचा आवाज.
दोन रकाने मोकळेच ठेवते.